कापडी लंगोट

कापडी लंगोट : तान्ह्या बाळाचे मलमूत्र शोषण्यासाठी बांधायचे, धुऊन पुन्हा वापरायचे कापड. मराठी घरात यालाच बाळोते म्हणतात. बाळोती निघत ती जुनेरातून. आजीचे लुगडे किंवा आजोबांचे धोतर फाडले जाई, कारण शेकडो धुण्यांनी मऊ झालेले सूत नव्या कापडापेक्षा ओल लवकर टिपते. १९६१ मध्ये अमेरिकेत पॅम्पर्स हे एकदा वापरून फेकायचे डायपर आले. पुढे १९८०च्या दशकात डायपरच्या गाभ्यात ओल शोषून धरणारे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे दाणे पडू लागले आणि रात्रभर न बदलता निभावणारा पातळ डायपर शक्य झाला. आजचा कापडी लंगोट त्याचीच नक्कल करतो : बाहेर ओल न झिरपू देणारे आवरण, आत जाड शोषक पट्टी, कडेला बटणे.

कापडाकडे परतावे का, याचा निर्णय कचऱ्यापेक्षा धुण्या-वाळवण्यावर ठरतो. ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेच्या २००८च्या अभ्यासात अडीच वर्षांच्या वापराचे कार्बन उत्सर्जन डायपरसाठी सुमारे ५५० किलो निघाले, तर कापडासाठी सुमारे ५७०. डायपरवाले हा आकडा आनंदाने दाखवतात. पण त्याच अभ्यासात, मशीन पूर्ण भरून धुतले, नेहमी बाहेर दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले, तर कापडाचे उत्सर्जन सुमारे २०० किलोंनी घटले. वाळवणीयंत्र आणि उकळत्या पाण्याची धुलाई यांनी ते भरमसाट वाढले. म्हणजे दोष कापडाचा नाही, विजेवर वाळवण्याचा आहे. आणि महाराष्ट्रात वर्षातले आठ महिने ऊन फुकट मिळते.

उरतो पावसाळा. कोकणात पूर्वी शेगडीवर टोपली पालथी घालून बाळोती वाळवत. जाड शिवलेली पट्टी मात्र चार दिवस ओलीच राहते आणि कुबट वास धरते. म्हणून दमट हवेत एकपदरी, घडी घालून वापरायचे कापडच बरे. धुण्याला पाणी फार लागते हा आक्षेपही खोटा नाही. जिथे टँकर येतो तिथे कापडाचा आग्रह धरू नये.

सर्वांत वजनदार आक्षेप कष्टांचा आहे. मशीन असले तरी शी झटकणे, भिजवणे, वाळत घालणे ही कामे राहतात आणि ती बहुधा बाईच करते. बापाने त्यात हात घातला नाही तर हा बदल तिच्यावर लादलेलाच ठरतो. पण डायपरने ही घाण नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या बाईपुढे जाते. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बहुतेक स्त्रियाच आहेत. वापरलेले डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, अशी मोहीम तिथे चालवावी लागली ती त्यांच्या हातांसाठी. घनकचरा नियमांनुसारही डायपर वेगळा गुंडाळूनच द्यावा लागतो.

दिवसा कापड, रात्री नि प्रवासात डायपर ही वाटणी पुष्कळ घरांना झेपते. नवे सुती कापड चार-पाच धुण्यांनंतरच नीट शोषू लागते, तेव्हा पहिल्या दिवशीच्या गळतीवरून ते मोडीत काढू नये.