व्होल्टमापकाचा अंतर्गत रोध

विद्युत् दाब मोजण्यासाठी व्होल्टमापक मंडलातील दोन बिंदूंना समांतर जोडला, की त्यातूनही काही प्रवाह वाहू लागतो. त्यामुळे मोजावयाचा दाबच घटतो आणि उपकरण बिनचूक असूनही वाचन कमी येते. व्होल्टमापनाचा इतिहास बराचसा हा दोष टाळण्याच्या प्रयत्नांचा आहे.

जर्मन भौतिकीविज्ञ योहान क्रिस्टियान पोगेनडोर्फ यांनी १८४१ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत विद्युत् घटाविरुद्ध ज्ञात दाब लावून प्रवाह शून्यावर आणतात. संतुलनाच्या क्षणी घटातून प्रवाहच घेतला जात नसल्याने हा दोष उद्‌भवत नाही. वर्चोमापक याच तत्त्वावर चालतो. तथापि प्रत्येक वेळी संतुलन साधणे कारखान्यात गैरसोयीचे होते. एडवर्ड वेस्टन यांनी १८८८ च्या सुमारास बनविलेल्या सुवाह्य व्होल्टमापकाने ही गैरसोय दूर केली. त्यात स्थिर चुंबकाच्या क्षेत्रात फिरणारे वेटोळे व त्याच्याशी एकसरीत मोठा रोध असे. वस्तुतः हा अल्प प्रवाहाचा मापकच होय. जनित्र व घटमाला यांचा अंतर्गत रोध अल्प असल्याने त्यांवर तो समाधानकारक ठरला.

रेडिओ ग्राहीत मोठे रोधक आल्यावर मात्र उणीव उघड झाली. पूर्ण विचलनास १ मिलिअँपिअर लागणाऱ्या मापकाचा रोध व्होल्टमागे १,००० ओहम असतो. १० व्होल्ट दाबावर १ लाख ओहमचे दोन रोधक एकसरीत असल्यास प्रत्येकावर ५ व्होल्ट असतात. परंतु असा मापक १० व्होल्टच्या पल्ल्यावर एका रोधकाला जोडल्यास सु. ०·८३ व्होल्टच दाखवितो. व्होल्टमागे २०,००० ओहमचा मापक त्याच पल्ल्यावर ४ व्होल्ट दाखवितो. १९५१ मध्ये आलेला ‘एव्हो ८’ हा प्रसिद्ध ब्रिटिश बहुमापक या दुसऱ्या वर्गातील होता. दुरुस्तीच्या पुस्तिकांत दाबांच्या कोष्टकाबरोबर मापकाचा व्होल्टमागील रोधही देत. म्हणजे चुकीच्या वाचनांचीच प्रमाण म्हणून तुलना होई, आणि व्यवहारात ते पुरेसे असे.

निर्वात नलिकेच्या जालकाला जवळजवळ प्रवाह लागत नाही. त्यामुळे नलिकायुक्त व्होल्टमापकाचा रोध कोट्यवधी ओहमपर्यंत नेता आला. अंकीय बहुमापकांत तो सामान्यतः १ कोटी ओहम असतो व वरील मंडलात वाचन सु. ४·९८ व्होल्ट येते. मात्र उद्‌गमाचा रोधही १ कोटी ओहम असेल, तर वाचन निम्मेच येते. वेटोळ्याच्या मापकात पल्ला बदलताच वाचन बदलले, तर या दोषाची शंका येई. बहुतेक अंकीय मापकांत रोध सर्व पल्ल्यांवर तोच असल्याने ही खूण मिळत नाही.