सामना कुणाचा, पडदा कुणाचा : पे-चॅनेल आणि प्रक्षेपण हक्कांचा इतिहास

नोव्हेंबर 1993. ईडन गार्डन्सवर हीरो कपचा उपांत्य सामना. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या ओव्हरमध्ये सहा धावा हव्या होत्या, सचिनने तीनच दिल्या. हे तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. पण त्याच स्पर्धेचा दुसरा एक सामना कोर्टात चालू होता, आणि आपल्या घरातल्या टीव्हीच्या बिलाशी त्याचा जास्त संबंध आहे.

बंगालच्या क्रिकेट असोसिएशनने प्रक्षेपणाचे हक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला विकले. दूरदर्शन भडकलं. हक्कांसाठी आम्ही काही देणार नाही, उलट सामना दाखवायचा असेल तर तुम्हीच दर सामन्याला 5 लाख रुपये द्या, अशी त्यांची भूमिका. कंपनीची यंत्रसामग्री मुंबईत कस्टमने अडवून ठेवली. सरकारचा आधार कोणता, तर 1885 चा टेलिग्राफ कायदा! क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणाला तारायंत्राचा कायदा.

निकाल लागला 9 फेब्रुवारी 1995 ला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं, म्हणजे आपल्याच मातीतला माणूस. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, असं त्यांनी म्हटलं. लोकांनी एवढंच लक्षात ठेवलं. पण त्याच खटल्यात न्यायमूर्ती जीवन रेड्डींनी दुसरी बाजूही बजावली होती: खाजगी मक्तेदारीही तितकीच घातक. पुढची तीस वर्षं हा दुसरा धोका कसा आवरायचा, यातच गेली.

तो धोका समजायला जरा इंग्लंडला जाऊन येऊ. तिथे रूपर्ट मर्डोक यांची स्काय ही उपग्रह कंपनी 1990 मध्ये प्रतिस्पर्धी बीएसबीशी एक झाली. दोन्ही कंपन्या तोट्यात होत्या. मग 1992 मध्ये नव्या प्रीमियर लीगच्या फुटबॉलसाठी 304 दशलक्ष पौंडांचा पाच वर्षांचा करार झाला. लीगचे थेट सामने फक्त स्कायवर. आयटीव्ही हात चोळत बसलं. आता यातली मेख बघा. स्कायकडे सामने होते, ते दाखवणारी वाहिनी होती, आणि घरावरची डिशही त्यांचीच होती. आवडता संघ बघायचा तर त्यांच्याच दारात जायचं. सामन्याच्या जोरावर अख्खी बाजारपेठ हातात आली.

मर्डोक यांना हेच भारतात करायचं होतं. आयस्कायबी नावाची डिश सेवा जवळजवळ तयार होती, पण जुलै 1997 मध्ये सरकारने अशा सेवेवर बंदीच घातली. बंदी उठली आणि मार्च 2001 मध्ये नियम आले, त्यात एक अट होती : वाहिन्या आणि केबलवाल्या कंपन्यांना मिळून डिश कंपनीत 20 टक्क्यांपेक्षा जास्त वाटा घेता येणार नाही. म्हणूनच 2006 मध्ये टाटा स्काय आलं ते टाटांचे 80 आणि स्टारचे 20 टक्के असं.

पण खरं कुलूप दुसरंच. 2003 मध्ये डिश टीव्ही सुरू झालं तेव्हा त्यावर स्टार आणि सोनीच्या वाहिन्या नव्हत्या. डिश सुभाष चंद्रांच्या गटाची, म्हणजे झीवाल्यांची. प्रतिस्पर्ध्याला आपला माल कोण देईल? भांडण टीडीसॅटपर्यंत गेलं. डिसेंबर 2004 मध्ये ट्रायने नियम केला : जो वितरक मागेल त्याला वाहिनी द्यावीच लागेल, आणि भेदभाव न करता. माझ्या मते भारतीय टीव्हीच्या इतिहासातला हा सर्वांत कमी चर्चा झालेला आणि सर्वांत मोठा निर्णय. क्रिकेटचे हक्क कुणीही घेवोत, ते दाखवणारी वाहिनी प्रत्येक केबलवाल्याला आणि प्रत्येक डिशला मिळणार. क्रिकेटने आपल्याकडे वाहिन्या मोठ्या केल्या. ब्रिटनसारखी एकच डिश मोठी केली नाही.

याचा एक तोटाही झाला, तो लपवायला नको. हक्कांची किंमत वाहिनीने वसूल करायची कुठून? सगळ्यांकडून. क्रिकेटचं तोंड न बघणाऱ्या आजीच्या पॅकमध्येही स्पोर्ट्स चॅनेल येऊन बसलं.

आणि ज्यांच्याकडे केबलच नाही त्यांचं काय? 2006 मध्ये निंबसने भारतातल्या सामन्यांचे हक्क चार वर्षांसाठी 61.2 कोटी डॉलरला घेतले. जानेवारी 2007 मध्ये वेस्ट इंडीज आलं, पहिला एकदिवसीय सामना नागपूरला, आणि निंबस दूरदर्शनला थेट चित्र द्यायला तयार नाही. दिल्ली हायकोर्टाने मधला मार्ग काढला : दूरदर्शनने सात मिनिटं उशिरा दाखवावं. म्हणजे शेजारच्या केबलवाल्या घरात विकेटचा ओरडा होणार, आणि आपल्याकडे बोलर अजून मागे चाललेला! फेब्रुवारीत सरकारने वटहुकूम काढला, मग कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाचे सामने प्रसार भारतीला द्यायचे, टीव्हीच्या जाहिरातींचं उत्पन्न किमान 75:25 वाटायचं, मोठा वाटा हक्कदाराचा. पण 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला मर्यादा घातली : हे चित्र दूरदर्शनने स्वतःच्या अँटेनावर आणि स्वतःच्या मोफत डिशवर दाखवावं, खाजगी केबलवाल्यांमार्फत नाही.

आता आजच्याकडे येऊ. 2022 मध्ये आयपीएलचे भारतातले टीव्ही आणि डिजिटल हक्क दोन वेगळ्या मालकांकडे गेले. टीव्ही डिस्ने स्टारकडे, 23,575 कोटींना. डिजिटल रिलायन्सच्या व्हायकॉम18 कडे. 2023 ला जिओ सिनेमाने आयपीएल फुकट दाखवलं. आपण सगळ्यांनी मजेत बघितलं, पैसे मागणारं कुणी नव्हतं. पण 2004 चा तो नियम केबल आणि डिशसाठी आहे. मोबाइल ॲपला तो लागू नाही. ॲपवर सामना, मंच आणि गिऱ्हाईक एकाच मालकाचं असू शकतं, आणि फोनचं कनेक्शनसुद्धा. 1992 मध्ये स्कायने जे जमवलं, त्याला इथे कायद्याची आडकाठी नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. स्पर्धा आयोगाने अटी घालून परवानगी दिली. आयपीएलचे सध्याचे हक्क 2027 पर्यंत आहेत, आणि लिलावात एकमेकांविरुद्ध बोली लावणारे ते दोघे आता एकाच बाजूला बसले आहेत.