घडीचा दस्ता आणि काडतुसांची पेटी : ब्रिटिश सैन्याच्या ९ मिलिमीटर कार्बाइनची निवड (१९४१–१९५३)

(१)

शस्त्रांचा इतिहास लिहितांना बहुधा तें कोणीं घडविलें व कोणत्या लढाईंत चाललें एवढेंच सांगितलें जातें. तें कां निवडलें गेलें, परीक्षकांपुढें त्याच्या शेजारीं दुसरीं कोणतीं शस्त्रें होतीं आणि तीं कां मागें पडलीं, याची चौकशी क्वचितच होते. वास्तविक निवड करणाऱ्यास आपली गरज शब्दांत व आंकड्यांत मांडावी लागते, आणि त्या मांडणींत त्या काळची खरी अडचण उघडी पडते. प्रस्तुत लेखांत पिस्तुलाचें काडतूस वापरणाऱ्या, घडीच्या दस्त्याच्या आखूड कार्बाइनची एक निवड आम्ही तपासणार आहों.

कराबीन हा शब्द मराठीस परका नाहीं. घोडेस्वारानें वापरावयाची आखूड बंदूक हा त्याचा मूळचा अर्थ. विसाव्या शतकांत घोडा गेला आणि त्याच्या जागीं मोटारगाडी, रणगाडा व विमानांतून उडी घेणारा शिपाई आला. अडचण मात्र तीच राहिली. जागा थोडी, हात दुसऱ्या कामांत गुंतलेले, आणि लांब बंदूक पदोपदीं अडते.

या निवडीविषयीं सर्वसाधारण समजूत अशी कीं, स्टेन हें घाईंत केलेलें वाईट शस्त्र, स्टर्लिंग हें सावकाश केलेलें चांगलें शस्त्र, आणि असल्या शस्त्राची मुख्य कसोटी म्हणजे आखूडपणा. आमच्या मतें हीं दोन्ही विधानें अपुरीं आहेत.

(२)

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षीं, इ. स. १९१८ मध्यें, जर्मनांनीं खंदकांतील लढाईकरितां बर्गमन कारखान्याची एम. पी. १८ ही बंदूक पुढें आणिली. तींत ९ मिलिमीटर पॅराबेलम हें पिस्तुलाचें काडतूस होतें. रायफलीच्या काडतुसाच्या मानानें याचा जोर कमी. त्यामुळें गोळी सुटतांना नळीचें मागील तोंड कुलूपबंद ठेवण्याची गरज पडत नाहीं. जड पोलादी बोल्ट व त्यामागें एक स्प्रिंग एवढ्यावर काम भागतें. रचना सोपी, म्हणून शस्त्र स्वस्तांत करतां येतें. धक्का सौम्य, म्हणून तें आखूड करतां येतें. उणीव ही कीं, शंभर-दीडशें यार्डांपलीकडे मारा भरंवशाचा राहत नाहीं.

एम. पी. १८ चा दस्ता लांकडी व अचल होता. घडीच्या दस्त्याचा प्रश्न सोडविला तो इ. स. १९३८ च्या एम. पी. ३८ नें. एर्फुर्ट येथील एर्मा कारखान्यांत झालेल्या या बंदुकीस लांकूड मुळींच नव्हतें. लोखंडी दस्ता खालच्या अंगास दुमडला म्हणजे सुमारें ८३ सेंटिमीटरांची बंदूक ६३ सेंटिमीटरांची होई. दोस्त राष्ट्रांचे शिपाई तिला ‘श्मायसर’ म्हणत. परंतु ह्यूगो श्मायसर यांचा संबंध एम. पी. १८ शीं आहे, एम. पी. ३८ चें श्रेय हाइनरिख फोल्मर व एर्मा कारखाना यांजकडे जातें. नांवाची ही चूक अद्यापि लिखाणांतून आढळते, म्हणून येथें नोंदवून ठेवितों.

(३)

इ. स. १९३९ मध्यें दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हां ब्रिटिश सैन्याच्या नेमलेल्या शस्त्रांत या जातीचें एकही शस्त्र नव्हतें. अमेरिकेहून थॉमसन बंदुका घेण्यांत आल्या. पण त्या जड, महाग आणि समुद्रमार्गें येणाऱ्या. एकेकीची किंमत सुमारें २०० डॉलर पडे, व मार्गांत जर्मन पाणबुड्या होत्या. मे-जून १९४० मध्यें डंकर्कहून सैन्य परत आलें तें बहुतेक सामानसुमान मागें टाकून. स्वारी इंग्लंडच्या किनाऱ्यावर केव्हां येईल याचा नेम नव्हता.

अशा वेळीं, १९४१ सालीं, एनफील्ड येथें रेजिनाल्ड शेफर्ड व हॅरोल्ड टर्पिन यांनीं स्टेन बंदूक तयार केली. दोघांच्या आडनांवांचीं आद्याक्षरें व एनफील्डचीं पहिलीं दोन अक्षरें मिळून हें नांव झालें. पत्र्याचे दाबून काढलेले भाग, नळकांड्याचें अंग, ठिकठिकाणीं जोडकाम. बंदुका कधीं न केलेल्या लहान कारखान्यांतूनही तिचे भाग होऊं शकत. किंमत सुमारें १० डॉलर. सर्व नमुने मिळून सुमारें ४० लक्ष बंदुका झाल्या. काडतूस ९ मिलिमीटरचें असल्यानें, जर्मनांनीं व्यापलेल्या देशांतील गुप्त लढवय्यांस शत्रूचाच दारूगोळा हिच्यांत चालवितां येई, हा लाभ निराळाच.

दोष मात्र दोन होते. एक म्हणजे बंदूक आपटली तर जड बोल्ट आपोआप पुढें सरकून गोळी सुटे. दुसरा दोष मॅगझीनचा, म्हणजे काडतुसांच्या पेटीचा, आणि आमच्या विषयास तोच महत्त्वाचा. पेटींत ३२ काडतुसें दोन रांगांत बसत, पण तोंडाशीं दोहोंची एक रांग होई. दोन रांगा एकींत शिरतात तेथें घर्षण वाढतें. थोडी धूळ, किंवा पेटीच्या ओठांस बसलेला किरकोळ ठोका, एवढ्यानें काडतूस अडतें. म्हणून जाणते शिपाई पेटी पूर्ण न भरतां दोन-चार काडतुसें कमीच घालीत. ता. २७ मे १९४२ रोजीं प्राग शहरांत योझेफ गाब्चिक यानें जर्मन अधिकारी हायड्रिख याजवर स्टेन रोखून चाप ओढला, पण गोळी सुटली नाहीं. त्याचा सोबती यान कुबिश यानें टाकलेल्या बाँबनें काम झालें. ऐन क्षणीं बंदूक मुकी राहणें म्हणजे काय, याचें याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

(४)

जानेवारी १९४४ मध्यें ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांनीं नव्या शस्त्राच्या अटी ठरविल्या. वजन ६ पौंडांहून अधिक नसावें. काडतूस ९ मिलिमीटरचें असावें. गोळ्यांचा वेग मिनिटास ५०० हून जास्त नसावा. आणि १०० यार्डांवरून एकेक करून झाडलेल्या पांच गोळ्या एक फूट लांब-रुंद चौकोनांत बसाव्या. काडतुसाची अट सोडली तर बाकीच्या तीन अटी एकाच गोष्टीविषयीं आहेत, ती म्हणजे शस्त्र शिपायाच्या ताब्यांत राहतें कीं नाहीं.

युद्धोत्तर चाचण्यांत हाच निकष कसा चालला हें मागें पडलेल्या शस्त्रांवरून दिसतें. एनफील्ड येथें झालेली एम. सी. ई. एम. २ ही सर्वांत आखूड, पिस्तुलाच्या घाटाची. पेटी मुठींतच बसे. आखूडपणा हीच कसोटी असती तर निवड हिचीच व्हावयास हवी होती. पण बोल्टचा मार्ग तोकडा असल्यानें ती मिनिटास सुमारें १००० गोळ्या झाडी, म्हणून हातांत ठरत नसे. बी. एस. ए. कंपनीच्या बंदुकीचा दस्ताही घडीचा होता, आणि पुढची मूठ पिळून व सरकवून ती सज्ज करण्याची युक्ति चतुर होती. तथापि अखेरीस पसंती मिळाली ती डॅगनम येथील स्टर्लिंग कारखान्यांतील जॉर्ज पॅचेट यांच्या बंदुकीस.

हिचा दस्ता खालीं दुमडला म्हणजे लांबी सुमारें ६९ सेंटिमीटरांवरून ४८ वर येते. डोळ्यांत भरतें तें हेंच; पण पॅचेट यांचें खरें काम पेटींत आहे. ३४ काडतुसांची ही पेटी किंचित् वांकडी आहे. ९ मिलिमीटरचें काडतूस बुडाशीं जरा जाड व टोंकाकडे जरा बारीक असतें. अशीं काडतुसें एकावर एक रचलीं कीं रास आपोआप वळते, आणि सरळ पेटींत ती कोंडते. पॅचेट यांनीं पेटीला राशीचें वळण दिलें. काडतुसें वर ढकलणाऱ्या भागास घसरपट्टीऐवजीं फिरते रूळ बसविले, आणि दोन्ही रांगा तोंडापर्यंत दोनच ठेविल्या. बोल्टच्या अंगावर नागमोडी कडा काढल्या. त्यांमुळें आंत शिरलेली धूळ व काजळी खरवडून बाजूस पडते. इतकें करून स्टेनची जुनी पेटीही या बंदुकींत बसते. वेग मात्र मिनिटास सुमारें ५५० राहिला, म्हणजे अटीहून थोडा अधिक. परीक्षकांनीं तेवढी सूट दिली; काडतूस अडण्याविषयीं सूट देण्याची वेळच आली नाहीं.

इ. स. १९५३ मध्यें एल २ ए १ या नांवानें ही बंदूक सैन्यांत रुजू झाली. अटी ठरल्यापासून नऊ वर्षें गेलीं. या अवधींत कोरियाचें युद्ध होऊन गेलें, आणि तेथें ब्रिटिश शिपायाच्या हातीं स्टेनच होती. सावकाश निवडीचीही किंमत असते, व ती निवड करणाऱ्यास द्यावी लागत नाहीं.

(५)

या निवडीचा भारताशीं संबंध कानपूरमार्गें येतो. तेथील लहान शस्त्रांच्या सरकारी कारखान्यांत (स्थापना १९४२) स्टर्लिंगचाच नमुना ‘९ मिलिमीटर कार्बाइन’ म्हणून होऊं लागला. ब्रिटनमध्यें तिला सब-मशीनगन म्हणत; भारतीय सैन्यांत व पोलिसांत ‘कार्बाइन’ म्हटलें कीं दीर्घकाळ हीच बंदूक समजली जाई. पुढें जानेवारी २०२१ मध्यें महू येथील इन्फंट्री स्कूल व पुण्याची शस्त्रास्त्र-संशोधन संस्था यांनीं मिळून केलेलें ‘अस्मि’ हें घडीच्या दस्त्याचें ९ मिलिमीटर शस्त्र जाहीर झालें, आणि २०२४ मध्यें सैन्याच्या उत्तर विभागाकरितां अशीं ५५० शस्त्रें मागविण्यांत आलीं. शंभर वर्षांपूर्वींचें काडतूस अजून हटलेलें नाहीं, आणि अडचणीच्या जागेंत शिरणाऱ्या शिपायाची गरजही तीच आहे.

(६)

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, १९४१ ची निवड चुकीची नव्हती. त्या वर्षीं प्रश्न ‘उत्तम शस्त्र कोणतें’ हा नव्हता. ‘या हिंवाळ्यापूर्वीं किती हातांत शस्त्र पडेल’ हा होता, आणि त्यास स्टेन हें चोख उत्तर होतें. दुसरी ही कीं, प्रश्न बदलण्याइतकी उसंत मिळतांच घडीचा दस्ता ही गोष्ट इतरांसही साधली. निवड ठरली ती न अडणाऱ्या पेटीवर व ताब्यांत राहणाऱ्या वेगावर. दस्त्याची घडी मेजावर पांच मिनिटांत दाखवितां येते. पेटीचा गुण चिखलांत, वाळूंत व हजारों गोळ्यांनंतरच कळतो. आणि तो परीक्षकांनीं आधीं पाहिला नाहीं, तर शिपायास प्रसंगीं पाहावा लागतो.