रिकाम्या जागेचा भाव

दिवाळीचा फराळ संपत आला, ताटलीत चकलीचे तुकडे तेवढे उरले, की मध्यमवर्गीय घरात एक विषय हमखास निघतो. यंदा मे महिन्यात कुठे जायचे? पूर्वी या प्रश्नाला माथेरान, महाबळेश्वर आणि आजोळ अशी तीनच उत्तरे असत. आता धाकटी मंडळी सिंगापूर, लंडन, ॲमस्टरडॅम ही नावे अशी घेतात, की जणू ती कळव्यापुढची मुंब्रा-दिव्यासारखी स्टेशनेच आहेत. मग कुणीतरी हातातला फोन पुढे करतो. विमानकंपनीने सणानिमित्त भाडे उतरवले आहे. मात्र सवलत आज रात्री बारापर्यंतच! गृहस्थ चष्मा पुसून तो आकडा पाहतात, आणि स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, "एकाचे नको, चौघांचे किती होतात ते सांगा."

या एका प्रश्नापाशी भल्याभल्या जाहिराती अडखळतात. तो विमानापेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि आम्हा कळवेकरांच्या तर पावणेदोनशे वर्षांच्या ओळखीचा आहे.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि खाडीच्या अलीकडेच थांबली. पुढच्या वर्षी, 1 मे 1854 रोजी, खाडीवरच्या पुलावरून आणि पारसिकच्या डोंगरातून वाट काढीत ती कल्याणला पोचली. कळव्याच्या शिवारातून आगगाडी धावू लागली ती तेव्हापासून. जी. आय. पी. रेल्वे पहिल्या वर्गाला मैलामागे दोन आणे आकारी आणि तिसऱ्या वर्गाला तीन पै. म्हणजे बोरीबंदर ते ठाणे या 21 मैलांना साहेबाला दोन रुपये दहा आणे पडत, तर तिसऱ्या वर्गाच्या उतारूला सव्वापाच आणे. आठपट अंतर! त्या सव्वापाच आण्यांत काय मिळे, हे विचारू नये. गर्दी, धूर आणि लाकडी बाक. पुढे कंपनीने काही काळ बाकेही नसलेला चौथा वर्ग काढला होता; त्यात आपल्याच बोचक्यावर बसून जायचे. पण एक गोष्ट त्या भाड्यात होती. ते आज जेवढे, तेवढेच उद्या. पौषात जेवढे, तेवढेच गणपतीत. घरात माणसे किती, याचा गुणाकार केला की खर्च कळला. उतारूंपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा मोठा वाटा कंपनीला या तीन पैवाल्यांनीच मिळवून दिला.

ही स्वस्ताईची पहिली जात. संपूर्ण वर्गच स्वस्त करायचा, तो सर्वांना आणि सर्व काळ. दुसरी जात निराळी आहे. गाडी किंवा बोट सुटणारच आहे, काही जागा रिकाम्या जाणार आहेत, तर त्या मिळेल त्या भावाने विकून टाका. बाजार उठताना भाजीवाली उरलेला पाला वाट्यावर घालते, तोच हा व्यवहार. यात लबाडी मुळीच नाही. पण उरलेला पाला घ्यायला बाजार उठेपर्यंत थांबावे लागते, आणि मिळेल ती भाजी करावी लागते. एकट्या माणसाला ते जमते. ज्याच्या मुलांची परीक्षा एप्रिलात संपते आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते, ज्याची रजा साहेबाने दोन आठवड्यांपलीकडे मंजूर केलेली नाही, आणि ज्याला चार जागा एकाच दिवशी, एकाच विमानात, शक्य तर एकाच रांगेत हव्या आहेत, त्याने बाजार उठेपर्यंत कसे थांबावे?

तिसरीही एक जात आहे, ती युद्धातली. व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळे यांनी 1906 साली तुतिकोरीनला स्वदेशी आगबोट कंपनी काढली, तेव्हा ब्रिटिश कंपनीने कोलंबोचे भाडे एका रुपयावर आणले. स्वदेशीने ते आठ आणे केले. मग साहेबाने फुकट नेण्याची आणि वर एकेक छत्री देण्याची तयारी दाखवली! उतारूंची चैन झाली असेल. परंतु 1911 साली स्वदेशी कंपनी मोडीत निघाली, आणि छत्रीचेही प्रयोजन संपले.

आता विमानाकडे वळू. जे. आर. डी. टाटा 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले, त्या वेळी उतारूंच्या भाड्याचा प्रश्नच नव्हता. लंडनच्या भाड्याचा प्रश्न आला 8 जून 1948 रोजी, 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करीत लंडनला निघाले तेव्हा. एकेरी भाडे 1720 रुपये. त्याच्या आदल्या वर्षी पहिल्या वेतन आयोगाने ठरवलेला किमान पगार महागाई भत्त्यासह महिना 55 रुपये होता. म्हणजे त्या पगाराच्या माणसाने एकतीस महिन्यांहून थोडे अधिक न खाता-पिता काढले असते, तर तो एकटा लंडनला पोचला असता. परत यायची सोय त्यात नव्हतीच. आज, सातव्या आयोगाने 2016 पासून लागू केलेल्या 18 हजारांच्या किमान पगाराशी ताडून पाहिले, तर एरवीच्या दिवसांतले लंडनचे एकेरी तिकीट दोन-तीन महिन्यांच्या पगारात बसते. एवढे मोठे अंतर कोणत्या दिवाळी सवलतीने कापले? कोणत्याही नाही. ते पहिल्या जातीच्या स्वस्ताईने कापले.

त्या काळी परदेशी भाडी ठरवण्याचे काम विमानकंपन्यांच्या जागतिक संघाकडे, म्हणजे 1945 साली हवाना येथे स्थापन झालेल्या आयाटाकडे होते. या संघाने 1 मे 1952 पासून अटलांटिकवर 'टूरिस्ट' वर्ग सुरू केला, आणि 1958 च्या एप्रिलात त्याहून स्वस्त 'इकॉनॉमी' वर्ग. भाडे कमी, तर थाटही कमी हवा, म्हणून या वर्गाला साधे, थंड आणि अल्पमोली सँडविचच द्यावे असा नियम झाला. स्कँडिनेव्हियाच्या कंपनीने सँडविचच्या नावाखाली पावावर असे काही रचून दिले, की पॅन ॲमने तक्रार गुदरली. प्रकरण पंचांपुढे गेले आणि कंपनीला दंड झाला. मोठमोठे अधिकारी पावाच्या तुकड्याची व्याख्या करीत बसले होते! हसू येते खरे, पण तिकिटातून काय काढून घेतले म्हणजे ते स्वस्त म्हणायचे, हा आजचा वाद तिथेच सुरू झाला. पुढे जंबो विमान आले. एअर इंडियाचे पहिले जंबो, 'एम्परर अशोक', 1971 साली मुंबईला आले. एका उड्डाणात साडेतीनशेच्या आसपास माणसे नेता येऊ लागली आणि दर माणशी खर्च उतरला.

आमच्याकडील कुटुंबांना याचा लाभ लगेच झाला नाही. तिकीट परवडले तरी परकी चलन हाती पडत नसे. 1967 सालच्या 'अराउंड द वर्ल्ड' या चित्रपटातला नायक आठ डॉलर घेऊन जगप्रवासाला निघतो, ती थट्टा त्या काळच्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नव्हती. चलनाची वेसण खऱ्या अर्थाने सैल झाली ती 2004 साली, रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला 25 हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली तेव्हा.

दरम्यान विलायतेत दुसऱ्या जातीच्या स्वस्ताईचे मोठे प्रयोग झाले. फ्रेडी लेकर यांची 'स्कायट्रेन' 26 सप्टेंबर 1977 रोजी लंडनच्या गॅटविकहून न्यूयॉर्कला निघाली. भाडे 59 पौंड, पण आगाऊ आरक्षण नाही. ज्या दिवशी जायचे त्याच दिवशी रांग लावायची, आणि जेवणाचे पैसे निराळे. पुढच्या उन्हाळ्यात लोक पथाऱ्या टाकून तिकिटासाठी मुक्काम करू लागले. विद्यार्थ्यांना ती मौज वाटली असेल. कडेवर मूल असलेल्या बाईला काय वाटले असेल, हे कळव्याच्या फलाटावर सकाळी साडेआठला उभे राहणाऱ्यास सांगायला नको. 5 फेब्रुवारी 1982 रोजी लेकरसाहेबांची कंपनी बुडाली. अमेरिकेत 'पीपल एक्स्प्रेस'नेही असाच धडाका लावला. तिला उत्तर म्हणून 'अमेरिकन एअरलाइन्स'ने जानेवारी 1985 मध्ये फार हुशारीची योजना काढली. बरेच दिवस आधी पैसे भरणाऱ्याला आणि परक्या गावी शनिवारची रात्र काढणाऱ्यालाच तिकीट स्वस्त द्यायचे. कामासाठी जाणारा व्यापारी शनिवारी घरी परततो, तेव्हा त्याला पूर्ण भाडे पडे. सहकुटुंब जाणाऱ्याला सूट मिळे. पीपल एक्स्प्रेस दोन वर्षांत नामशेष झाली. कुटुंबाच्या सोयीची म्हणावी अशी सवलत मला या साऱ्या इतिहासात ही एकच दिसते, कारण तिच्यात थांबण्याऐवजी आधी ठरवण्याला बक्षीस होते. मात्र आमच्या मे महिन्यात ती युक्तीही लंगडी पडते, कारण सगळी मुंबई, ठाणे आणि पुणे एकाच पंधरवड्यासाठी आधी ठरवायला बसते.

आपल्याकडे ही लाट कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने 2003 साली आणली. एक रुपयाच्या तिकिटाची गोष्ट घराघरांत झाली. विमानात थोड्याच जागा त्या भावाच्या असत आणि कर-अधिभार निराळे. तरी आगगाडीशिवाय काही न पाहिलेली माणसे विमानात बसली, हे श्रेय त्यांचे. पण ती देशातली, दोन तासांची उड्डाणे. जवळच्या मार्गावर स्वस्त कंपनीचे विमान अर्ध्या तासात पुन्हा आकाशात जाते, दिवसाला सहा-सात फेऱ्या मारते, आणि त्यावरच तिचा नफा चालतो. दूरच्या प्रवासाला ही किमया लागू पडत नाही. नऊ-दहा तासांच्या उड्डाणात खर्चाचा मोठा भाग इंधनाचा, आणि ते सर्वांना सारख्याच भावाने घ्यावे लागते. परगावी कर्मचाऱ्यांना रात्रभर हॉटेलात ठेवावे लागते. दोन तास बिनजेवणाचे मूल गप्प बसेल, दहा तास नाही. मग काटछाट करायची कुठे? सामानात, जेवणात, आसनात, आणि अडचणीच्या वेळी हात देणाऱ्या माणसांत.

म्हणून या वाटेवर कंपन्या वारंवार कोसळल्या. एअर एशिया एक्स 2010 साली मुंबईहून क्वालालंपूरला उडू लागली आणि 2012 च्या आरंभी निघून गेली. आइसलंडच्या 'वाव'ने 13,499 रुपयांपासून तिकिटे जाहीर केली, डिसेंबर 2018 मध्ये दिल्लीहून उड्डाणे सुरू केली, पुढच्याच महिन्यात थांबवली. आणि 28 मार्च 2019 रोजी ती कंपनीच बंद पडली. नॉर्वेच्या 'नॉर्वेजियन'ने जानेवारी 2021 मध्ये दूरचे मार्ग सोडून दिले. दूरच्या मार्गावरच्या स्वस्त कंपन्याच बुडतात असेही नाही. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 रोजी थांबली आणि गो फर्स्ट 3 मे 2023 रोजी. दोन्ही तारखा पाहा! ऐन सुटीच्या तोंडावर, बॅगा अर्ध्या भरलेल्या असताना. बुडालेल्या कंपनीच्या देणेकऱ्यांच्या यादीत तिकीटधारकाचे नाव फार खाली असते.

मराठी माणसाने या कोड्यावर आपल्यापुरता एक तोडगा काढला, तो मला विशेष वाटतो. एकट्या कुटुंबाला थांबता येत नाही आणि घासाघीसही करता येत नाही. पण दहा कुटुंबे एकत्र आली की त्यांच्या वतीने कुणीतरी जागांचा गट आधीच राखून ठेवू शकतो. इंग्लंडात टॉमस कुकने 5 जुलै 1841 रोजी एका शिलिंगात लेस्टर ते लफबरो अशी सुमारे पाचशे माणसांची फेरी याच तत्त्वावर नेली होती. 1881 साली त्याच्या कंपनीची कचेरी मुंबईत आली. मराठी उतारूला ते तत्त्व थालीपीठ-लोणच्यासह पचवून दिले ते आपल्या सहल-संचालकांनी. केसरीभाऊ पाटील यांनी 1984 साली 'केसरी' काढली, वीणा पाटील यांनी 2013 साली 'वीणा वर्ल्ड'. पहाटे पाचला उठवतात म्हणून पुष्कळजण नाके मुरडतात, पण माणशी खर्च आधी कळतो आणि वरणभात मिळतो. यातही धोका नाही असे नाही. कुकची ब्रिटनमधली मूळ कंपनी 23 सप्टेंबर 2019 रोजी बुडाली, तेव्हा दीड लाखावर ब्रिटिश प्रवाशांना सरकारला परत आणावे लागले. भारतातली त्या नावाची कंपनी तोवर वेगळ्या मालकीची झालेली होती, ती चालू राहिली.

जुलै 2025 मध्ये इंडिगोने मुंबईहून ॲमस्टरडॅम आणि मँचेस्टरला विमाने सोडली, तीही नॉर्वेच्याच नॉर्स कंपनीकडून भाड्याने घेऊन. त्याच वर्षी 25 डिसेंबरला नवी मुंबईचा विमानतळ चालू झाला, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर राहणाऱ्यांच्या आशा पुन्हा पालवल्या. तेव्हा रात्री बाराची मुदत सरायच्या आत चौघांचा हिशेब एकदा वहीत मांडून पाहू. दोन वर्षे पुरी झालेल्या मुलाला जवळजवळ मोठ्याएवढेच भाडे. हातातली पिशवी बहुधा सात किलोची. पेटीचे पैसे निराळे, जाताना आणि येताना, आठदा. जेवण दोन वेळचे, चौघांचे. आसन निवडायचे तर त्याचेही. मात्र बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच तिकिटावरच्या आई किंवा वडिलांशेजारी बसवावे, असा आदेश नागरी विमान महासंचालनालयाने एप्रिल 2024 मध्ये कंपन्यांना दिला आहे, तेवढी भीती कमी. दोन स्वस्त तिकिटे जोडून प्रवास केला, तर पहिल्या विमानाचा उशीर दुसऱ्या कंपनीला मान्य नसतो. मधल्या गावी हॉटेल लागते, कधी त्या देशाचा व्हिसाही. आणि विमान पहाटे तीनचे असते, त्या वेळी कळव्याहून लोकल नसते. चौघे आणि चार पेट्या म्हणजे मोठी टॅक्सी.

आमच्या शेजारच्या गृहस्थांनी गेल्या वर्षी ही बेरीज खरोखरच मांडली. सवलतीचे तिकीट नेहमीच्या तिकिटापेक्षा चौघांमिळून फार थोडेच स्वस्त निघाले, आणि त्यासाठी येताना एका परक्या विमानतळावर अकरा तास काढावे लागणार होते. त्यांच्या सौभाग्यवतींनी वही हातात घेतली, अकरा तासांच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारले, "याचे किती धरलेत?" तेवढ्यात बारा वाजले.