परळीच्या नियंत्रणकक्षातील वर्दी

बीड जिल्ह्याचा अर्वाचीन इतिहास लिहू पाहणाऱ्याने दुष्काळ, ऊसतोड आणि देवस्थाने यांच्याइतकेच लक्ष परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राकडे पुरविले पाहिजे. कारण 1971 साली तेथे 30 मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला, तेव्हा वैजनाथाच्या या क्षेत्रात यंत्राच्या वर्दीला तत्क्षणी जबाब देण्याचा एक नवा पेशाही दाखल झाला.

1980 ते 1987 या काळात 210 मेगावॉटचे तीन संच उभे राहिले. मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या वंगणतेलाचा दाब उतरला, तर विचारविनिमयाला सवड नसते. म्हणून त्या पिढीच्या नियंत्रणकक्षांत फलकाच्या माथ्यावर काचेच्या चौकटींची रांग असे. बिघाड होताच त्याची चौकट लुकलुके, भोंगा वाजे, तैनातीवरील माणूस पोच दिल्याची कळ दाबी, भोंगा थांबे, परंतु मूळ कारण दूर होईपर्यंत दिवा मात्र जळतच राही. एका बिघाडामागे दहा बिघाड ओढले जातात. म्हणून संच ट्रिप झाल्यावर पहिली वर्दी कोणाची, हाच तपासाचा आरंभबिंदू असे.

2007 आणि 2010 साली 250 मेगावॉटचे संच आले, त्या सुमारास हा पहारा संगणकाकडे गेलेला होता. रिवाज मात्र तोच राहिला. उपकरणाचा इंटरप्ट, म्हणजे लक्ष वेधणारा संकेत, येताच संगणकाचा प्रोसेसर हातचे काम जिथल्या तिथे नोंदवून ठेवतो, निकडीचे तेवढेच उरकतो, सविस्तर काम मागाहून करण्यास सोपवितो आणि पूर्वस्थळी परततो. ड्रायव्हरने, म्हणजे उपकरण हाताळणाऱ्या आज्ञावलीने, उपकरणातील इंटरप्टची खूण पुसली नाही, तर तीच वर्दी अखंड येत राहून बाकीचा कारभार ठप्प होतो. आणि उत्तर देण्यातच तो रेंगाळला, तर दुसऱ्या निकडीच्या कामाची मुदत टळते. म्हणूनच जाणता तपासनीस वर्दी पोहोचली का, ती कोणी दिली, खूण पुसली का आणि वेळ किती लागला, हे क्रमाने पाहतो.

2013 च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी हे संपूर्ण केंद्र बंद ठेवावे लागले. आदल्या पावसाळ्यातील तुटीने त्याची वर्दी कित्येक महिने आधीच दिली होती. मिलिसेकंदांचा हिशेब ठेवणाऱ्या नियंत्रणकक्षाची शिस्त जलाशयांच्या दप्तरात उतरली नाही, तर उत्तमोत्तम यंत्रणाही व्यर्थ होय.