ओढ्याची प्रकृति

एखादा ओढा निरोगी आहे कीं रोगी, हें ठरवावें कसें? प्रश्न ऐकावयास सोपा वाटतो. पाणी नितळ दिसलें, त्यास दुर्गंधि नसली आणि गुरें तें पीत असलीं, कीं ओढा चांगला असें म्हणून आम्ही मोकळे होतों. परंतु गालांवरील लालीवरून शहाणा वैद्य निदान करीत नाहीं. पाण्याची परीक्षा करणाऱ्या शास्त्रज्ञांनींही नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्याचें केव्हांच सोडून दिलें. त्यांच्या या शोधाचा इतिहास मनोरंजक आहे, आणि शेतीवर जगणाऱ्या कोणत्याही समाजास तो थोडासा अस्वस्थ करणाराही आहे.

आरंभ जर्मनींत झाला. कोल्कविट्झ व मार्सन या दोघां संशोधकांनीं १९०८ व १९०९ सालीं अनुक्रमें जलवनस्पति व जलचर प्राणी यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. सांडपाण्यानें नासलेल्या पाण्यांत कोणते जीव तग धरतात व स्वच्छ पाण्यांत कोणते नांदतात, हें त्यांत सांगितलें होतें. यामागील विचार मार्मिक होता. बाटलींत भरलेलें पाणी त्या क्षणाचीच साक्ष देतें. काल रात्रीं सोडलेली घाण सकाळपर्यंत वाहून गेली, तर रसायनज्ञास ती सांपडावयाची नाहीं. तळच्या दगडास चिकटून राहणारा जीव मात्र सर्व ऋतु तेथेंच भोगतो. तो खोटी साक्ष देत नाहीं.

पुढील महत्त्वाचें पाऊल अमेरिकेंत पडलें. पेनसिल्वेनिया संस्थानांतील लँकेस्टर कौंटी हा सुपीक शेतीचा मुलूख. तेथील कोनेस्टोगा नदीच्या खोऱ्याची पाहणी १९४८ सालीं डॉ. रूथ पॅट्रिक यांच्या नेतृत्वाखालीं झाली. फिलाडेल्फियाच्या ज्या विज्ञानसंस्थेंत त्या काम करीत, तेथें पूर्वीं कित्येक वर्षें त्यांना वेतनावांचून राबावें लागलें होतें. त्यांनीं रसायनज्ञ, जंतुशास्त्रज्ञ, वनस्पतिज्ञ व प्राणिज्ञ अशा निरनिराळ्या तज्ज्ञांस एकत्र आणून नदीवर नेलें. त्यांचा निष्कर्ष असा : अमुक एक जीव सांपडला म्हणून प्रवाह चांगला किंवा वाईट ठरत नाहीं. जेथें जाती पुष्कळ आणि कोणत्याही एका जातीचा अतिरेक नाहीं, तो प्रवाह निरोगी. जेथें मोजक्याच जाती उरून त्यांचेंच पीक माजलें, तो रोगी. एकाचाच सुकाळ हें येथें दुष्काळाचें लक्षण होय.

आतांपर्यंत गुन्हेगार म्हणून गटार व कारखाना यांजकडे बोट दाखवितां येत होतें. परंतु शेत? इंडियाना संस्थानांतील ब्लॅक क्रीक या शेतवडींतील ओढ्यावर जेम्स कार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत काम केलें. नांगरलेली माती पावसाबरोबर उतरून दगडांमधील फटी बुजविते. कांठचीं झाडें तोडलीं कीं पाणी तापतें. वळणें मोडून ओढा सरळ केला कीं माशांचे डोह नाहींसे होतात. यांत विष कोणींच ओतलेलें नसतें, तरी ओढा खालावतो. कार यांनीं १९८१ सालीं माशांवरून प्रवाहाची प्रकृति मोजण्याची पद्धति मांडली. तींत बारा कसोट्या असून प्रत्येकीस १, ३ किंवा ५ गुण मिळतात. म्हणजे उत्तम ओढ्यास ६० आणि अगदीं बिघडलेल्यास १२. तुलनेसाठीं त्याच प्रदेशांतील कमींत कमी बिघडलेला प्रवाह घ्यावयाचा.

पण तो तरी मूळचा निरोगी कशावरून? ही शंका पुन्हां लँकेस्टरमध्येंच उभी राहिली. तेथील वॉल्टर व मेरिट्स या भूशास्त्रज्ञांनीं २००८ सालीं दाखवून दिलें कीं, उंच कांठांमधून वळणें घेत जाणारा जो ओढा सर्वांस नैसर्गिक वाटतो, तो पुष्कळ ठिकाणीं मनुष्यानेंच घडविला आहे. १८४० च्या खानेसुमारींत अमेरिकेच्या पूर्व भागांत ६५,००० हून अधिक पाणचक्क्या नोंदल्या होत्या. चक्कीसाठीं घातलेल्या बांधांमागें शेतांतून वाहून आलेली माती सांचली आणि तिच्याखालीं मूळच्या पाणथळ जमिनी गाडल्या गेल्या. पुढें बांध फुटले व प्रवाहानें त्या गाळांतून खोल वाट कापली. लँकेस्टरजवळच्या बिग स्प्रिंग रन या ओढ्यावरील असा गाळ २०११ सालीं काढून टाकून तेथें पुन्हां पाणथळ केली गेली.

ज्या शेतकऱ्यानें जमीन नांगरली त्यानें घरच्यांच्या पोटासाठीं नांगरली, व ज्यानें बांध घातला त्यानें त्याच घराचें पीठ दळून दिलें. त्यांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्यांच्या मातीचा हिशेब दीडदोन शतकांनंतर ओढ्याच्या कांठीं उलगडला, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावते. ओढ्याची प्रकृति पाहणाऱ्यापाशीं सूक्ष्मदर्शक हवें, मासे ओळखणारी नजर हवी, आणि त्याबरोबर जुनीं दप्तरें चाळण्याचा धीरही हवा. रोग्याचें बाळपण ज्यास ठाऊक नाहीं, तो त्याच्या आजच्या अशक्तपणासच त्याची प्रकृति समजून बसेल.