कॅरेक्टरचा डेक: सावंतवाडीचा गंजिफा आणि आपला नाणेघाट

जुन्नर-आंबेगावच्या इतिहासगप्पांमध्ये आजचा विषय पत्त्यांचा. घाबरू नका, तीन पत्ती नाही.

तुमच्यातले काही जण पोकेमॉनची कार्डं जमवत असतील, काहींनी ‘मॅजिक: द गॅदरिंग’चं नाव ऐकलं असेल. १९९३ मध्ये आलेल्या या मॅजिकमध्ये एक प्रकार असा आहे की आधी एक कॅरेक्टर निवडायचं आणि त्याला शोभतील अशी बाकीची ९९ कार्डं त्याच्याभोवती जमवायची. भारी कल्पना आहे. पण कॅरेक्टरवरून पत्त्यांचा जोड बांधणं आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

बाबरनं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघली गंजिफा ९६ पानांचा, आठ रंगांचा. आपल्या लोकांनी त्यातूनच दशावतारी गंजिफा घडवला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं. एकूण १२० गोल पानं. तिघं खेळायला बसले की प्रत्येकाला ४० पानं! मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवं, परशुरामाच्या रंगात परशू.

आता खरी गंमत ऐका. नुसतं चित्र चिकटवून कॅरेक्टर होत नाही, त्यानं खेळ बदलला पाहिजे. दिवसा डाव मांडला तर ज्याच्या हातात रामाचा राजा, त्याची पहिली उतारी. रात्री मांडला तर हा मान कृष्णाच्या राजाचा. रामनवमीचा जन्म भरदुपारी आणि गोकुळाष्टमीचा मध्यरात्री, कसा मेळ बसतो बघा! शिवाय निम्म्या रंगांत राजा-प्रधानानंतर दहा भारी, उरलेल्या रंगांत एक्का भारी. डोकं चालवावंच लागतं.

छापील पत्ते स्वस्त झाले आणि हातानं रंगवलेली पानं मागे पडली. १९७०च्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कलाकार पुंडलिक चितारी यांच्याकडून ही कला पुन्हा शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले. तेव्हा जमलं म्हणून आज तिथे गंजिफा बनतो. एक म्हातारा माणूस आणि त्याला वेळेवर विचारणारं कुणीतरी, एवढ्यावर सगळं टिकलं.

मग आपल्या भागाचा डेक करायचा तर? माझं मत नाणेघाटाला. तिथल्या लेण्यात सातवाहन घराण्याच्या मूर्ती कोरल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर ब्राह्मी लिपीत नाव: सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका, राजकुमार. अगदी कार्डावर असतं तसंच! शेजारच्या भिंतींवरच्या लेखात यज्ञांत दिलेल्या गाई आणि नाणी आकड्यांत मोजली आहेत. आपल्याकडचे हे फार जुने कोरीव आकडे. म्हणजे नावंही तयार, अंकही तयार.

नाहीत ते चेहरे. मूर्ती फुटून गेल्या, पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. आंबेगावकरांना हे वेगळं सांगायला नको. तालुक्याला नाव देणारं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, मागे उरलंय ते नावच.

म्हणून एक विनंती. डेक कराल तेव्हा नागनिकेला सिरियलमधल्या राणीचा चेहरा देऊ नका. एकदा घाट चढा, भिंतीवरची नावं बघा, भिंतीला हात न लावता फोटो काढा. मग कार्डावर नाव घाला, आकडा घाला आणि चित्राच्या जागी फक्त दोन पावलं काढा. खेळताना कुणीतरी विचारेलच, “बाकीची राणी कुठंय?” तिथून तुमची गोष्ट सुरू होईल.

चला, भेटू पुढच्या भागात. राम राम!